एका डोळ्याने खेळलेला खेळ
(वार्षिक संमेलनातील भाषण)



गुणवंतांचा सत्कार आताच झाला. तो योग्यच होय. परंतु ज्यांच्या वाट्यास आज काही आले नाही, त्यांच्यासाठी व त्यांच्या पालकांसाठी आम्ही एका परदेशी खेळाडूची हकीकत सांगणार आहोत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ज्या देशाच्या निर्वासितांना कोल्हापूरनजीक वळिवडे येथे आश्रय मिळाला, त्या पोलंडमध्ये १९८२ साली कारोल ब्येलेत्स्की यांचा जन्म झाला. हँडबॉल हा त्यांचा खेळ. प्रत्येक बाजूस सात खेळाडू. चेंडू हाताने झेलावयाचा व हातानेच गोलात फेकावयाचा. दोन मीटरांहून उंच असलेले ब्येलेत्स्की लांबून जोरकस फेक करण्यात निष्णात होते. जागतिक स्पर्धेत पोलंडला २००७ साली दुसरे व २००९ साली तिसरे स्थान मिळाले, तेव्हा ते संघात होते.

जून २०१० मध्ये क्रोएशियाविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्याचे बोट लागून त्यांचा डावा डोळा जखमी झाला. शस्त्रक्रिया होऊनही दृष्टी परत आली नाही. वेगाने येणाऱ्या चेंडूचे अंतर एका डोळ्याने अजमावणे किती कठीण! त्यांनी निवृत्ती जाहीर केली. परंतु थोड्याच दिवसांत तो निर्णय त्यांनी फिरविला आणि संरक्षक चष्मा लावून त्याच उन्हाळ्यात ते जर्मनीतील आपल्या संघाकडून पुन्हा खेळू लागले. २०१६ साली त्यांच्या क्येल्त्से येथील संघाने, अंतिम सामन्यात नऊ गोलांनी मागे पडूनही, युरोपातील चॅम्पियन्स लीग जिंकली. त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकच्या उद्घाटनप्रसंगी पोलंडचा ध्वज त्यांच्या हाती होता. तेथे पदक मात्र मिळाले नाही. संघ चौथा आला. २०१८ साली ते निवृत्त झाले.

ही हकीकत वाचताना आम्हांस आमचाच एक विद्यार्थी आठवला. त्याचा एक डोळा अधू होता. त्याच्या हितासाठी म्हणून आम्ही त्यास मैदानाच्या कडेला बसवून गुण मांडावयास सांगत असू. त्याने कधी तक्रार केली नाही. आणि तुला खेळावयाचे आहे काय, असे आम्हीही त्यास एकदाही विचारले नाही. आज ती चूक आम्ही आपणां सर्वांसमोर कबूल करतो.

पालकहो, डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा, काळजीही घ्यावी. परंतु मुलास विचारल्यावाचून त्यास कडेला बसवू नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.