न्यूपोर्टची मैफल आणि तिची तबकडी

ध्वनिमुद्रिका विकत घेणारा गृहस्थ आपण नेमकें काय घरीं नेत आहों याचा विचार सहसा करीत नाहीं. तबकडी यंत्रावर चढवावी, सुई टेकवावी आणि गवयाचा कंठ दिवाणखान्यांत यावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. परंतु ज्या खोलींत तें गाणें मुद्रित झालें त्या खोलींत श्रोता असा कोणी नव्हताच, ही गोष्ट जाणत्या कानाला आज ना उद्यां जाणवल्यावांचून राहत नाहीं.

१९०२ सालीं कलकत्त्यास गोहरजानच्या तबकड्या मुद्रित झाल्या, तेव्हांपासून जवळजवळ अर्धें शतक हिंदुस्थानी गवयांना सुमारें तीन मिनिटांत राग उभा करून त्याच तीन मिनिटांत तो मिटवून घ्यावा लागला. त्या तबकड्यांना नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. अब्दुल करीमखांच्या तबकड्यांनीं किती घरांच्या संध्याकाळी सुरेल केल्या आहेत! तरीहि ज्यानें एखादी रंगलेली मैफल समोर बसून ऐकली आहे, त्याला तबकडी म्हणजे दाराच्या फटींतून दिसलेलें देवघर वाटतें. तिच्यांत कमी काय असतें? वेळ, हें एक उत्तर झालें. परंतु पुढें दीर्घ तबकड्या निघाल्या, एका बाजूवर वीस मिनिटें मावूं लागलीं, वेळेची अडचण सरली. आणि उणीव मात्र शिल्लकच राहिली. तेव्हां उत्तर दुसरीकडे शोधलें पाहिजे.

तें शोधावयास अमेरिकेंतील एक प्रकरण फार उपयोगी पडण्यासारखें आहे. संगीत परकें आहे, जाझचें आहे. परंतु तेथें योगायोगानें सर्व पुरावा एकत्र सांपडतो. एकच रचना एकदां बंद खोलींत मुद्रित झालेली, तीच पुढें हजारों लोकांसमोर मुद्रित झालेली. आणि त्याच रात्रीच्या इतर कांहीं चिजा दोन दिवसांनीं त्याच वादकांनीं स्टुडिओंत पुन्हां वाजवून दुरुस्त केलेल्या. इतका स्वच्छ मुकाबला संगीताच्या इतिहासांत क्वचितच मिळतो.

ड्यूक एलिंग्टन हा कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकार १८९९ सालीं वॉशिंग्टन येथें जन्मला. पियानो हें त्याचें वाद्य खरें. परंतु त्याचा वाद्यवृंद हेंच त्याचें मुख्य वाद्य, असें जाणकार म्हणत आले आहेत. १९३७ च्या सप्टेंबरांत त्यानें ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’ नांवाची जोडरचना मुद्रित केली. डिमिन्युएंडो म्हणजे नाद क्रमानें उतरत जाणें, क्रेसेंडो म्हणजे तो क्रमानें चढत जाणें. एका तबकडीवर दोन्ही भाग सलग मावेनात, म्हणून उतार एका बाजूस व चढ दुसऱ्या बाजूस आला. घरांतील श्रोत्यानें पहिली बाजू संपतांच उठावें, तबकडी उलटावी, सुई पुन्हां टेकवावी आणि मग चढ ऐकावा. मुद्रण अत्यंत नेटकें आहे. एकहि स्वर सैल नाहीं. परंतु रचनेच्या ऐन मध्यावर, जेथें नाद अगदीं मंद होऊन थांबतो, तेथें एक रिकामी जागा आहे. त्या जागीं संगीत नव्हे, गृहस्थाचें उठणें आणि बसणें आहे.

मैफलींत ही रचना वाजवितांना या रिकाम्या जागेचें काय करावें, हा एलिंग्टनपुढें प्रश्नच होता. १९५० नंतर त्यानें ती जागा टेनर सॅक्सोफोन वाजविणाऱ्या पॉल गोन्साल्व्हिसच्या स्वाधीन करून पाहिली. नांवावरून हा कोणी गोंवेकर वाटावा. परंतु त्याचे आईबाप पोर्तुगीज अमलाखालील केप व्हर्दे बेटांकडचे आणि त्याचा स्वतःचा जन्म १९२० सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांत झालेला. अबोल, मऊ स्वराचा वादक. संथ चालीचीं भावगीतें हा त्याचा खरा प्रांत होता, हें येथें मुद्दाम नमूद करून ठेवणें बरें.

१९५६ पर्यंत एलिंग्टनचे दिवस फिरले होते. महायुद्धानंतर मोठे वाद्यवृंद एकामागून एक मोडले. पंधरासोळा माणसांचे पगार, त्यांचा प्रवास, मुक्काम. हें कोणास परवडणार? जॉनी हॉजेससारखा त्याचा मोहरा १९५१ सालीं सोडून गेला होता, तो १९५५ सालीं परत आला. त्याच वर्षींच्या उन्हाळ्यांत न्यूयॉर्कजवळ जलक्रीडेच्या एका खेळाला साथ करण्याची पाळी या वाद्यवृंदावर आली होती. ज्याला राजेराण्यांनीं ऐकलें त्यानें पोहणाऱ्यांच्या कसरतीमागें वाजवावें! आपल्या जुन्या गीतांचें जें उत्पन्न येई तें ओतून एलिंग्टन आपला मेळा टिकवून धरीत होता.

अशा स्थितींत ७ जुलै १९५६ रोजीं, शनिवारीं, न्यूपोर्ट येथील जाझ-उत्सवांत त्याला बोलावणें आलें. ऱ्होड आयलंडमधील हें समुद्रकांठचें, धनिकांच्या वाड्यांचें गांव. १९५४ पासून तेथें उन्हाळ्यांत हा उत्सव भरूं लागला होता. संध्याकाळीं आरंभालाच एलिंग्टनला थोडा वेळ मिळाला; त्या वेळीं त्याचे कांहीं वादक जागेवर हजरहि नव्हते. मग इतरांचे कार्यक्रम लांबत गेले आणि त्याला ताटकळत बसावें लागलें. पुन्हां रंगमंचावर येईपर्यंत मध्यरात्र जवळ आली होती. या उत्सवासाठीं त्यानें व त्याचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न यानें एक तीन अंकी नवी रचना सिद्ध केली होती. कोलंबिया कंपनीचे लोक मुद्रणयंत्रें मांडून बसले होते तेहि मुख्यतः या रचनेसाठींच. ती वाजली. टाळ्या झाल्या, परंतु तालीम अपुरी पडली होती आणि तें वादकांना स्वतःला कळत होतें. कांहीं मंडळी घरीं निघालीहि होती.

त्यानंतर एलिंग्टननें एकोणीस वर्षांपूर्वींची जुनी जोडरचना काढली.

उतार संपला. १९३७ सालीं जेथें गृहस्थ उठून तबकडी उलटीत असे तेथें गोन्साल्व्हिस पुढें आला. पाठीमागें फक्त पियानो, बास आणि ड्रम. ब्लूज या प्रकाराचें आवर्तन बारा खंडांचें असतें व प्रत्येक खंडांत चार मात्रा. म्हणजे आपल्या हिशेबानें अठ्ठेचाळीस मात्रांचें एक आवर्तन. गोन्साल्व्हिसनें अशीं सत्तावीस आवर्तनें एका दमांत घेतलीं. ताल द्रुत असल्यामुळें हें सारें सहा मिनिटांहून थोडें अधिक चाललें. पहिल्या कांहीं आवर्तनांत विशेष कांहीं घडलें नाहीं. रंगमंचाच्या कडेला जो जोन्स हा एके काळचा काउंट बेसीचा ड्रमवादक बसला होता. तो हातांतल्या वर्तमानपत्राची गुंडाळी करून मंचावर ठेका देऊं लागला. वादकांना तो दिसत होता. इतक्यांत पुढील बाजूस काळ्या पोषाखांतील एक सोनेरी केसांची स्त्री आसन सोडून उठली आणि एकटीच नाचूं लागली. तिला पाहून दुसरे उठले, त्यांना पाहून तिसरे, आणि पाहतां पाहतां हजारोंचा तो समुदाय खुर्च्यांवर उभा राहिला. वादकहि आरोळ्या देऊन गोन्साल्व्हिसला पुढें ढकलीत होते. एलिंग्टनचाहि आवाज मुद्रणांत ऐकूं येतो. आपल्याकडे गवयाच्या जागेला ‘वाहवा’ मिळते आणि गवई त्या दादेवर पुढची जागा बांधतो; तोच व्यवहार येथें, फक्त कंठ हजारोंचे.

आतां एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. गोन्साल्व्हिसचें हें वादन कागदावर लिहून काढलें तर फार मोठें ठरणार नाहीं. त्यांतील स्वरवाक्यें साधीं आहेत, कित्येक पुनरुक्त आहेत. याच वादकानें इतरत्र संथ चालींत जें नाजूक काम करून ठेवलें आहे, त्याच्यापुढें हें ठोकळच वाटेल. मग त्यांत काय आहे? त्यांत चढ आहे. आठव्या आवर्तनाच्या जागीं पंधरावें ठेवून चालणार नाहीं. प्रत्येक आवर्तन मागच्या गर्जनेला उत्तर म्हणून आलेलें आहे, आणि ती गर्जना पुढच्या आवर्तनाची मागणी आहे. जो चढ १९३७ सालीं एलिंग्टननें कागदावर लिहून तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर ठेवला होता, तो येथें लिहिलेला भाग सुरू होण्याच्या आधींच श्रोत्यांनीं आणि एका सॅक्सोफोननें मिळून उभारला. रचनेंतील जें वैगुण्य, तेंच तिचें हृदय ठरलें.

समुदाय इतका खवळला कीं व्यवस्थापकांना दंगलीची धास्ती पडली व कार्यक्रम आवरता घेण्याचा त्यांनीं आग्रह धरला. एलिंग्टननें तें ऐकलें नाहीं. भरती आलेली असतां दार लावून घेऊं नये हें त्याला ठाऊक होतें. त्यानें हॉजेसला पुढें करून एक संथ ब्लूज वाजवविला आणि पाणी हळूहळू ओसरूं दिलें.

येथवरची हकीकत विजयाची आहे. तबकडीची हकीकत तितकी सरळ नाहीं. गोन्साल्व्हिस पुढें आला तेव्हां तो कोलंबिया कंपनीच्या मायक्रोफोनसमोर उभा न राहतां शेजारच्या दुसऱ्याच मायक्रोफोनसमोर उभा राहिला. तो होता ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या सरकारी नभोवाणीचा. परिणामीं कंपनीच्या मुद्रणांत समुदाय ठळक आणि मुख्य वादक दूर, जणूं पलीकडच्या अंगणांत. शिवाय नव्या रचनेंतील चुका एलिंग्टनच्या मनाला बोंचत होत्या. निर्माता जॉर्ज अव्हाकियन यानें सोमवारीं, ९ जुलै रोजीं, वाद्यवृंदाला न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत नेलें. तेथें नवी रचना पुन्हां वाजविण्यांत आली, हॉजेसचा तो संथ ब्लूजहि पुन्हां झाला, आणि या दुरुस्त भागांवर मागाहून टाळ्यांचा आवाज चढविण्यांत आला. अशी मिश्र तबकडी ‘न्यूपोर्ट येथील एलिंग्टन’ या नांवानें बाजारांत आली आणि एलिंग्टनच्या साऱ्या आयुष्यांत इतकी खपलेली दुसरी तबकडी नाहीं. ऑगस्टमध्यें ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचें चित्र झळकलें. आपला जन्म न्यूपोर्टला १९५६ सालीं झाला, असें तो पुढें विनोदानें सांगत असे.

यांत फसवणूक होती काय? होती, असेंच म्हणावें लागेल. कलावंताला चूक जगापुढें ठेवण्याची लाज वाटणें स्वाभाविक आहे, आणि त्याबद्दल एलिंग्टनला कोणी दोष देऊं नये. परंतु चूक दुरुस्त करून वर टाळ्या चिकटविणें म्हणजे नसलेल्या श्रोत्याची खोटी साक्ष उभी करणें होय. गंमत अशी कीं, ती खोटी साक्ष कानाला पटत नाहीं. स्टुडिओंतील वादन अधिक सुबक आहे, स्वर जुळलेले आहेत, आणि टाळ्या येतात त्या जागच्या जागीं येतात. मात्र त्या टाळ्यांनीं वादकाच्या पुढच्या स्वरांत कांहींच फरक पडत नाहीं. पडणार कसा? त्यानें त्या ऐकलेल्याच नव्हत्या. ज्या एका चिजेसाठीं ती तबकडी चाळीस वर्षें घरोघर वाजत राहिली, ती गोन्साल्व्हिसची चीज मात्र कंपनीला त्या रात्रीचीच ठेवावी लागली. अस्पष्ट असूनहि ती पुन्हां वाजवून घेणें शक्य नव्हतें.

नभोवाणीच्या फितीचें काय झालें? ती वॉशिंग्टनच्या सरकारी ग्रंथालयांत, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें, १९९६ सालीं सांपडली. एलिंग्टनच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, १९९९ मध्यें, फिल शाप यानें कंपनीची फीत आणि नभोवाणीची फीत एकमेकींशेजारीं ठेवून, एक डाव्या कानाला व दुसरी उजव्या कानाला देऊन, ती सबंध मैफल प्रसिद्ध केली. त्रेचाळीस वर्षांनीं गोन्साल्व्हिस अंगणांतून घरांत आला. नभोवाणीच्या मंडळींना याबद्दल थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य मानावा.

स्वतः गोन्साल्व्हिसला त्या रात्रीनें कीर्ति दिली आणि एक ओझेंहि दिलें. जेथें जावें तेथें तेंच मागणें. हा वाद्यवृंद १९६३ सालीं भारतांत येऊन मुंबईसहि वाजवून गेला, तेव्हां गोन्साल्व्हिस त्यांत होता. त्या मऊ स्वराच्या माणसाला वर्षानुवर्षें द्रुत ब्लूजचीं आवर्तनें मोजून दाखवावीं लागलीं. आणि न्यूपोर्टची गर्जना कांहीं मागवून आणतां येत नाहीं. १९७४ च्या मे महिन्यांत तो लंडन येथें वारला. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, २४ मे रोजीं, एलिंग्टनहि गेला. स्वच्छ फीत ऐकण्याचा योग दोघांच्याहि नशिबीं नव्हता.

ज्यांना हीं मुद्रणें मिळतील त्यांनीं आधीं १९३७ च्या दोन बाजू ऐकाव्या, आणि दोहोंमध्यें खरोखरीच क्षणभर थांबावें. मग १९९९ सालीं निघालेली ती मैफल लावावी. गोन्साल्व्हिसचें शेवटचें आवर्तन संपतें तेथें एलिंग्टन पियानोवर थोडा वेळ एकटाच खेळत राहतो, आणि त्याच्या मागें उभ्या समुदायाची गुणगुण समुद्रासारखी चालूच असते; चढ अजून लिहिल्याप्रमाणें सुरू व्हावयाचा असतो.