खिळा चार बोटं, ओल हातभर
(जिल्हा बैठकीतील भाषण)



शाळकरी पोरांच्या रोबोट स्पर्धेत आम्ही स्वयंसेवक होतो. टेबलं मांडली, वेळ मोजली. जतकडच्या एका पोरीने मातीत दोन खिळे रोवले होते. ओल्या मातीतून वीज जाते, कोरडीत अडते. अडली की तिचं यंत्र पाणी सोडी. आम्ही म्हणालो, "पोरी, शाळू खालच्या ओलीवर पिकतो." तिने हातभर सळया लावल्या.

लोखंडी नांगराने जमीन नासते म्हणत आपल्याच वाडवडिलांनी किर्लोस्करांचा नांगर आधी नाकारला. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, मग तोच नांगर घरोघर गेला.

आज शाळांत अटल प्रयोगशाळा आहेत. तिथे शेतकरी गेला नाही, तर यंत्र चार बोटंच खोल बघेल. प्रत्येक गावातून दोघांनी जावं.