शुभेच्छा फलकावर, पाळी जिथल्या तिथं

हातकणंगल्यात कार्मिक व कल्याण अधिकाऱ्यांची ही परिषद भरली आहे. अध्यक्षानं वर्षाचा आढावा घ्यावा अशी या व्यासपीठाची रीत. कामगार संहिता, कंत्राटी भरती, हजेरीची नवी यंत्रं हे सारं कार्यवाहांच्या छापील अहवालात आहे आणि तो प्रत्येकाच्या पिशवीत आहे. प्रस्तुत वक्त्याला एकच विषय मांडायचा आहे. निवृत्तीपर्यंत तो दर बैठकीत ‘आयत्या वेळच्या विषयां’त ढकलला गेला.

विषय सणांचा. हल्ली कारखान्यांच्या फाटकावर एकही दिवस सुना जात नाही. ईद, पर्युषण, नाताळ, बुद्धपौर्णिमा, महिला दिन, 26 नोव्हेंबरचा संविधान दिन. प्रत्येकाचा फलक, प्रत्येकाचा फोटो. आतलं पाळीपत्रक मात्र गेल्या वर्षीचंच, तारीख खोडून नवी घातलेलं.

या तालुक्याला हे शोभत नाही. याच तालुक्यातल्या माणगावात 21 आणि 22 मार्च 1920 रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, शाहू महाराज स्वतः आले. महाराजांचा वाढदिवस सणासारखा पाळावा, असा एक ठराव तिथं झाला. त्याच्या अठरा वर्षं आधी, 26 जुलै 1902च्या आदेशानं, महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागास वर्गांसाठी राखल्या होत्या. आधी नोकरी, मग सण, असा तो क्रम होता. आज 26 जून हा सामाजिक न्याय दिन आहे; हार वेळेवर येतो, त्यापुढचं कुणी विचारत नाही.

सकाळच्या चर्चेत दोन तट पडले. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला दोन ऐच्छिक सुट्ट्या मिळतात, तशा सगळ्यांना द्या, असं एका तटाचं म्हणणं. कामाच्या जागी धर्म नकोच, असं दुसऱ्याचं. दुकानं-आस्थापनांच्या 2017च्या राज्य कायद्यात आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. त्यांतल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या असतात. प्रत्यक्षात त्या मुख्य कचेरीतून छापूनच येतात. पुण्या-मुंबईच्या त्या यादीत बेंदूर नसतो. इचलकरंजीचा कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात आणि महाराष्ट्री आषाढात, हे तिथं कुणाला सांगायचं?

पण दोन्ही तटांना एका फौंड्रीतल्या दोघांनी कधीच उत्तर दिलंय. रमजान भर मे महिन्यात आला होता. भट्टीवरच्या एकानं दिवसपाळीऐवजी रातपाळी मागितली. पाण्याच्या घोटाशिवाय भट्टीसमोर दिवस काढणं म्हणजे काय, हे इथं सांगायला नको. सुपरवायझर म्हणाला, “एकाला दिली की सगळे मागतील.” तेव्हा त्याचा जैन जोडीदार म्हणाला, “तुझी दिवसपाळी मी करतो. भादव्यात दशलक्षणात मला दुसरी पाळी लागली, तर ती तू कर.” दशलक्षणाचे दहा दिवस भाद्रपद शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत. त्याला दिवस मावळायच्या आत जेवायचं असे आणि दुसऱ्या पाळीची जेवणाची सुट्टी रात्री आठला.

व्यवस्थापनानं दोघांना मेमो द्यायचं ठरवलं. 1948च्या कारखाने अधिनियमाप्रमाणे पाळीपत्रक फलकावर लावावं लागे आणि त्याबाहेर काम करवून घेता येत नसे. त्यामुळे कायदा व्यवस्थापनाच्याच बाजूनं होता. मेमो लिहायचं काम प्रस्तुत वक्त्याकडे आलं. त्यानं मेमोऐवजी बदललेलं पाळीपत्रक टाइप करून सहीला ठेवलं. सही झाली, पण शेजारी शेरा पडला: ‘यंदापुरते’. ईदला मात्र कँटीनमध्ये शीरखुर्मा झाला, साहेबांचे फोटो निघाले.

वक्त्याचं भांडण त्या ‘यंदापुरते’शी आहे.

सण एकमेकांवर आले की गोंधळ होईल, हे कायमची सोय मागितल्यावरचं ठरलेलं उत्तर. शेजारच्या शिरोळ तालुक्यात कुरुंदवाडला पाच मशिदींत गणपती बसतो. मोहरम त्याच दिवसांत आला, तर पंजे आणि गणपती एकाच छताखाली असतात. 28 सप्टेंबर 2023ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. मुस्लिम समाजानं जुलूस पुढं ढकलले, सरकारनं सुट्टी 29 तारखेला नेली. पुढच्या वर्षी मुंबईत तीच सुट्टी 16वरून 18 सप्टेंबरवर गेली. मंत्रालयातली सुट्टी हलते आणि शिरोली एमआयडीसीतली पाळी हलत नाही, हे कुणाला पटावं?

परिषदेनं वर्षभर चालेल असं नमुना पाळीपत्रक करावं, गावोगावच्या सणांची नोंद ठेवावी, कंत्राटदारांशीही बोलावं. कुणी आणि केव्हा, ते कार्यकारिणी पाहील. राहिला इचलकरंजीचा यंत्रमाग. तिथं मजुरी पीसरेटवर. माग थांबला की मजुरी थांबली. मागवाल्याची ईद काय, दिवाळी काय, त्याच्याच खिशातून जाते. त्याच्यासाठी पाळीपत्रकाचा खर्डा कुणाकडे असेल, तर तो जेवणाच्या आधी मंचावर आणून द्यावा. जेवण एक वाजता आहे.