कर्णनाद : कानातील आवाज आणि त्याचा त्रास

(वार्षिक सर्वसाधारण सभेत कान-नाक-घसा विभागाच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत आम्ही शस्त्रक्रिया, तपासण्या व शिबिरे यांचा हिशेब आपल्यापुढे ठेवतो. तो या अहवालात अन्यत्र आहेच. आज मात्र अशा एका व्याधीविषयी बोलावयाचे आहे, जी हिशेबात सहसा येत नाही. तिची जखम दिसत नाही, सूज दिसत नाही, एक्स-रेमध्ये ती उमटत नाही. रुग्ण एवढेच सांगतो, "डॉक्टर, कानात आवाज येतो आणि तो थांबत नाही." कोणी त्याला रातकिड्यांची किरकिर म्हणतो, कोणी कुकरची शिट्टी, तर कोणी दूरवर चाललेल्या यंत्राची घरघर. या विकाराला कर्णनाद म्हणतात. नाव जुने आहे. सुश्रुतसंहितेत कानाचे जे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनादाची स्वतंत्र गणना आहे.

आमच्या परिसरात हा विकार आढळावा यात नवल नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या निर्वासितांच्या वसाहतीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. या लोकांनी घराच्या ओटीवर यंत्रे मांडून आपला संसार पुन्हा उभा केला. पुढे अंबरनाथ आणि बदलापूर येथे औद्योगिक वसाहती आल्या. शिलाईयंत्रे, करवती, प्रेस, ग्राइंडर यांच्या आवाजावर येथील हजारो चुली पेटल्या. त्या आवाजाची किंमत अनेकांच्या कानांनी मोजली आहे.

कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे रूपांतर त्या मज्जातंतूंच्या संदेशात करतात. सततच्या गोंगाटाने, वयोमानाने किंवा काही औषधांनी त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. कानाकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू आपली संवेदनक्षमता वाढवतो. रेडिओ केंद्र नीट लागत नसताना आवाज वाढवला तर खरखरच मोठी होते, तसेच येथे घडते. म्हणून कर्णनाद हा बहुधा भास नसतो, वेडही नसते आणि भूतबाधा तर नव्हेच. हे समजावून सांगितल्यावर काही रुग्णांच्या डोळ्यांत पाणी येते, कारण तोवर त्यांच्या सांगण्यावर घरातही कोणी विश्वास ठेवलेला नसतो.

एक प्रसंग सांगतो. पत्र्याच्या कामाच्या प्रेसवर आयुष्य घालवलेले एक गृहस्थ निवृत्तीनंतर उल्हासनगरच्या गजबजलेल्या वस्तीतून बदलापूरच्या शांत घरात राहावयास गेले. मुलाने मोठ्या हौसेने घर घेतले होते. तेथे पहिल्याच महिन्यात त्यांची झोप उडाली. ते म्हणत, "त्या गोंगाटात बरा होतो, या शांततेत माझे कान ओरडतात." घरच्यांना हा नव्या घराविषयीचा नाराजीचा सूर वाटला. वास्तविक कारण वेगळे होते. १९५३ साली अमेरिकेत हेलर व बर्गमन या संशोधकांनी चांगली श्रवणशक्ती असलेल्या ऐंशी व्यक्तींना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसविले. पाच मिनिटांच्या आत त्यांपैकी ९४ टक्के लोकांना कानात वा डोक्यात कोणता ना कोणता आवाज जाणवला. अतिशांतता मेंदूला आवाज शोधावयास लावते. ज्याच्या कानात आधीच नाद आहे, त्याच्यासाठी ती रात्रीची शत्रूच ठरते.

येथे आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. अशा रुग्णांना आम्हीही पूर्वी दोन मिनिटांत तपासून, "याला औषध नाही, सवय करून घ्या," असे सांगून पाठवीत होतो. या वाक्याचा पहिला भाग बराचसा खरा आहे. कर्णनाद हमखास थांबविणारी गोळी आजही उपलब्ध नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत जिंको, जस्त व तत्सम पूरक औषधे या त्रासासाठी देऊ नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा महागडे थेंब व 'रामबाण' काढे यांवर रुग्णांनी पैसे घालू नयेत, अशी आमची हात जोडून विनंती आहे. परंतु "सवय करून घ्या" एवढेच सांगणे म्हणजे उपचार नव्हे. सवय कशी करावयाची, हे शिकवावे लागते.

आता आमच्या विभागात आधी कान तपासून मळ, पडद्याचे छिद्र, स्राव यांसारखी दूर करता येण्याजोगी कारणे पाहिली जातात. त्यानंतर श्रवण-आलेख काढला जातो. चालू असलेल्या औषधांची विचारणा होते. क्षयरोगासाठी पूर्वी घेतलेली स्ट्रेप्टोमायसिनसारखी इंजेक्शने किंवा कर्करोगावरील काही औषधे कानाला अपाय करू शकतात. चार लक्षणांत मात्र विलंब करू नये : एकाच कानात येणारा आवाज, नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा आवाज, सोबत चक्कर, आणि अचानक आलेला बहिरेपणा. शेवटच्या प्रकारात पहिल्या काही दिवसांतील उपचाराने ऐकू येणे परत मिळण्याची शक्यता असते. "थांबून पाहू" म्हणता म्हणता ती संधी निघून जाते.

ज्यांना ऐकू कमी येते, त्यांच्यासाठी श्रवणयंत्र हा मोठा आधार ठरतो. बाहेरचे आवाज पुन्हा कानात येऊ लागले की आतला नाद मागे सरतो. रात्रीसाठी पंखा किंवा मंद आवाजातील रेडिओ उपयोगी पडतो. तो आवाज कर्णनादाला बुडवणारा नसावा, त्याच्याहून किंचित कमी असावा. दोन्ही एकत्र ऐकताना मेंदू हळूहळू नादाकडे दुर्लक्ष करावयास शिकतो. याच्या जोडीला समुपदेशन हवे. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे ४९२ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विचार व वर्तन यांवर आधारित समुपदेशन आणि ध्वनीचा वापर यांची सांगड घातलेल्या रुग्णांचे जीवनमान वर्षभरानंतर नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारलेले आढळले. म्हणजे नाद उरला तरी त्याचा त्रास ओसरू शकतो. आमच्या सगळ्या प्रयत्नांचा पाया एवढाच आहे.

त्या गृहस्थांना दोन्ही कानांसाठी यंत्रे बसविली. उशाशी मंद रेडिओ आला. त्यांनी सोडलेले भजनी मंडळ पुन्हा धरावे, असा आग्रह आम्ही केला. काही महिन्यांनी ते म्हणाले, "आवाज आहे, पण आज किती वेळा ऐकला ते आठवत नाही." आम्हांला याहून मोठे प्रशस्तिपत्र नको.

कुटुंबीयांना आमचे सांगणे असे की, "तुम्हांला उगाच वाटते" हे वाक्य घरातून हद्दपार करावे. दर तासाला "आता कसा आहे आवाज?" असेही विचारू नये, विसरू पाहणाऱ्याला त्याची आठवण होते. सलग झोप न लागणे, निराशा, जगणे नकोसे झाल्याचे बोल यांकडे दुर्लक्ष करू नये. तत्काळ डॉक्टरांकडे आणावे. केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांकही घरात लिहून ठेवावा.

यात प्रतिबंधाचा वाटाही मोठा आहे. गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा कायद्यानुसार कळविणे बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य रोगांत मोडतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. आमच्याच जिल्ह्यातील, ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये, ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असा निर्वाळा दिला. उत्सव आमचेही आहेत. भिंतींएवढ्या स्पीकरसमोर लहान मूल खांद्यावर घेऊन उभे राहू नये आणि कारखान्यातील बांधवाने कानातील बोळे खिशात ठेवू नयेत, एवढीच आमची याचना आहे.

शेवटी देणगीदारांशी दोन शब्द. आपण दिलेल्या यंत्रांवर आपल्या आप्तजनांच्या नावाच्या पाट्या आम्ही अभिमानाने लावतो. या कामासाठी जे हवे, त्याला पाटी लावता येत नाही. रुग्णाचे ऐकून घेण्यासाठी समुपदेशकाचा एक निवांत तास हवा. केंद्राच्या 'अ‍ॅडिप' योजनेतून श्रवणयंत्र मिळते, पण त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. कर्णनादाच्या अनेक रुग्णांचा बहिरेपणा त्याहून सौम्य असल्याने ते या योजनेबाहेर राहतात. त्यांच्यासाठी यंत्रे आणि त्यांत वरचेवर घालाव्या लागणाऱ्या बॅटऱ्या हव्यात. आपण दिलेल्या एका तासाने कोणा घरातील दिवा रात्री वेळेवर मालवेल आणि एखादा जीव शांत झोपेल. ते पुण्य आपल्या पदरी पडावे, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.