ग्राहकांचा कायदा आणि आपला व्यापार
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मी कायदेपंडित नव्हे. सारे आयुष्य शाळेत वेचलेला मनुष्य आहे. तथापि आपले तरुण आता दुकानदारीकडे वळत आहेत, आणि 'ग्राहकांचा कायदा म्हणजे धंद्याच्या गळ्यातील फास' असे उद्गार त्यांच्या तोंडी वारंवार ऐकू येतात. म्हणून या विषयाचा शांतपणे विचार व्हावा, एवढाच माझा हेतू आहे.

पालेगाव लहान होते तेव्हा दुकानदार व गिऱ्हाईक एकमेकांस ओळखत. खोटे माप दिले तर चार दिवसांत ते सर्वांस कळे, आणि दुकानदाराची पत जाई. पत हाच त्या काळचा कायदा होता. आज शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. गल्ल्यापाशी येणारा मनुष्य कोठला, हे आपणांस ठाऊक नसते; आपण कोण, हे त्यासही ठाऊक नसते. अनोळखी माणसांत पतीचे काम कोणी करावयाचे? ते काम या कायद्याने पत्करले आहे.

हा विचार आपल्या महाराष्ट्रास नवा नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा संमत झाला, आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे.

आता तो दुकानदाराकडून काय मागतो ते पाहू. पहिली गोष्ट पावती. पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. दुसरी गोष्ट, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही आपल्या दुकानांतील परिचित पाटी. माल सदोष असेल तर या पाटीचा आधार घेता येत नाही. पावतीवर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, आणि लिहिली नसेल तर ३० दिवसांत, असा माल परत घेतला पाहिजे. तिसरी गोष्ट छापील किमतीची. शीतपेय थंड करण्यास वीज लागते हे खरे. पण तेवढ्यासाठी दुकानदारास छापील किमतीवर रुपया चढविता येत नाही. हा नियम वजनमापांच्या कायद्याखालचा आहे.

यांत सचोटीच्या व्यापाऱ्याचे काय बुडते? लिहिण्याची थोडी तसदी वाढते, इतकेच. उलट, पावती न देता स्वस्त विकणाऱ्या शेजाऱ्याची अन्याय्य स्पर्धा आजवर त्यालाच सोसावी लागली आहे.

खरा धोका निराळाच आहे. पाणी तापविण्याची विजेची कांडी कोणी विकली, आणि तिच्या दोषामुळे गिऱ्हाइकास इजा झाली, असे समजा. उत्पादकाचे नाव-पत्ता ठाऊक असेल, तर उत्पादनातील दोषाचा भार प्रामुख्याने त्याच्यावर जातो. पण उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर भरपाईची जबाबदारी विक्रेत्यावर येते. म्हणून बिननावाचा माल कितीही स्वस्त मिळो, तो घेऊ नये; आणि घाऊक व्यापाऱ्याकडील खरेदीची बिले जपून ठेवावीत. तीच आपली ढाल होय.

दुसरा धोका आळसाचा. तक्रार दाखल झाली व जिल्हा आयोगाची नोटीस आली, तर ती फळीवर ठेवून देऊ नये. उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, आणि आयोगाने सवलत दिली तर आणखी १५. ही ४५ दिवसांची मर्यादा ओलांडता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये दिला आहे. ज्याची बाजू खरी आहे, त्यानेही मुदत चुकविली तर त्याचे लेखी म्हणणे विचारात घेतले जात नाही.

या कायद्याचा जाच मुळीच नाही, असे मी म्हणणार नाही. ठाण्यास तारखेला जावे लागले तर लहान दुकानदाराचा दिवस बुडतो. तीन महिन्यांत निकाल लागावा अशी अपेक्षा असली, तरी प्रत्यक्षात पुष्कळ अधिक काळ लागतो. परंतु तडजोडीसाठी मध्यस्थीची सोय कायद्यातच आहे; तिचा लाभ घ्यावा. त्याहून बरे म्हणजे गिऱ्हाइकाचे गाऱ्हाणे दुकानातच ऐकून घ्यावे.

आणि हेही विसरू नये की दुकानदार घरी गेला की तोही ग्राहकच असतो. पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाबद्दल त्यास ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही. परंतु स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेल्या शिवणयंत्राबद्दल येते. इमारतीतील जागा, विमा, बँक यांविषयीही हाच कायदा आपल्या कुटुंबांच्या उपयोगी पडतो.

शेवटी मंडळास एक नम्र सूचना करतो. आपल्या दुकानदार बांधवांसाठी पावतीपुस्तकाचा एक चांगला नमुना मंडळाने तयार करावा. ज्याची पावती स्वच्छ, त्यास कायद्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. आणि पूर्वजांनी राखलेली पत आपल्या मुलांनाही राखता येईल.