भिंतीची थट्टा
(एका खेडेगांवच्या वाचनालयांत तेथील प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



भिंत आणि थट्टा असा आजचा माझा विषय आहे. भिंत आपल्या गांवची नव्हे, अमेरिकेची. तिच्या दक्षिणेस मेक्सिको देश; दोहोंमधील हद्द सुमारे ३,१०० किलोमीटर लांब. हद्दीच्या वरचा कॅलिफोर्निया व आसपासचा बराच मुलूख १८४८ च्या तहापर्यंत मेक्सिकोचाच होता, हें ध्यानांत असूं द्यावें.

२०१५ सालीं डोनाल्ड ट्रंप यांनीं अध्यक्षपदासाठीं उभें राहतांना सांगितलें कीं, या हद्दीवर मी भिंत घालीन आणि पैसा मेक्सिकोकडून वसूल करीन. शेताचा बांध आपण घालावा आणि मजुरी शेजाऱ्यानें द्यावी, असें येथें कोणी म्हटलें तर चावडीवर हंशा पिकेल! मेक्सिकोनें पैसा दिला नाहीं. पुढें भिंतीच्याच पैशावरून २२ डिसेंबर २०१८ पासून ३५ दिवस अमेरिकन सरकारचें बरेंचसें काम बंद पडलें व सुमारे ८ लाख नोकरांचा पगार अडकला. मास्तर मंडळींना यांतलें दुःख निराळें सांगावयास नको.

अशा भिंतीशीं कलावंतांनीं लढावें कशानें? जवळ ना फौज, ना खजिना. त्यांनीं थट्टा हातीं घेतली. त्या हद्दीवर ती नवी नव्हती. २००५ सालीं, ट्रंपसाहेबांचा बेत निघण्याच्या पुष्कळ आधीं, तिहुआना येथें समुद्रांत शिरलेल्या कुंपणाजवळ हाविएर तेयेस नांवाच्या कलावंतानें तोफ आणविली. तोफेंत गोळा नाहीं, माणूस! त्यानें आधीं रीतसर पासपोर्ट दाखविला, मग बार झाला, आणि स्वारी कुंपणावरून उडून अमेरिकेंत जाऊन पडली.

परंतु थट्टा केली म्हणजे ती चांगलीच झाली असें नव्हे. २०१७ सालीं सान दिएगो शहराजवळ भिंतीचे ८ नमुने उभे करण्यांत आले. उंची १८ ते ३० फूट. क्रिस्तोफ ब्यूखेल या स्विस कलावंतानें २०१८ च्या आरंभीं गंभीर चेहऱ्यानें अर्ज काढला कीं, हे नमुने म्हणजे थोर कलाकृति आहेत, १९०६ च्या कायद्याखालीं यांस राष्ट्रीय स्मारक करा! शिवाय ते दाखविण्यास सहली काढल्या. अर्जाची खोच मला कळते. पण कित्येक कलावंतांनींच जाहीर पत्र लिहून त्याच्यावर कोरडे ओढले, आणि मी त्यांच्या बाजूचा आहें. आपल्या जलशांत सावकाराचें सोंग येतें, तेव्हां पोट धरून हंसणारे सावकाराच्या ओसरीवरचे नसतात. त्याचें देणें ज्यांच्या अंगावर आहे तेच असतात. ब्यूखेलची मौज सहलीच्या गाडींतल्या प्रेक्षकाला. ज्याची बायकापोरें पलीकडे अडकलीं त्याला तींत काय? ते नमुने २०१९ च्या फेब्रुवारींत पाडले गेले.

आतां दुसरी गोष्ट. रोनाल्ड राएल व व्हर्जिनिया सान फ्रातेल्लो हे कॅलिफोर्नियांतले दोघे प्रोफेसर. २८ जुलै २०१९ रोजीं सनलंड पार्क या गांवाजवळ त्यांनीं लोखंडी गजांच्या फटींतून ३ गुलाबी फळ्या आरपार घातल्या. घडविल्या होत्या पलीकडच्या हुआरेस शहरांतल्या लोहारांनीं. एका टोकास अमेरिकेचें मूल, दुसऱ्या टोकास मेक्सिकोचें. हें खालीं गेल्यावांचून तें वर जात नाहीं. तरफेचा धडा आम्ही वर्गांत पट्टी आणि खडू घेऊन शिकवितों. येथें खुद्द भिंतच टेकू झाली! खेळ तासभरहि चालला नाहीं, पण हंसत होतीं तीं दोन्हीकडचीं माणसें.

हें चित्र मी वर्गांत दाखविलें. एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, फळी आरपार जाते, मग पोरगी कां नाहीं जात?" मला उत्तर सुचलें नाहीं.

कोणी विचारील, एवढ्यानें भिंत पडली काय? नाहीं. उलट सहाव्याच दिवशीं, ३ ऑगस्टला, शेजारच्या एल पासो शहरांत एका इसमानें मेक्सिकन लोकांच्या द्वेषानें दुकानांत शिरून गोळ्या झाडल्या. त्यांत २३ माणसें प्राणास मुकलीं. तेव्हां थट्टेनें गोळी अडते असें मी सांगणार नाहीं. पण द्वेष शिकविणाऱ्याला आधीं शेजाऱ्याचें पोर चोर म्हणून दाखवावें लागतें, आणि फळीवर खिदळणारें पोर पाहिलेल्या माणसाला तें पटविणें जड जातें.

२०२१ च्या जानेवारींत लंडनच्या डिझाइन म्युझियमनें त्या फळ्यांना मोठें बक्षीस दिलें. चित्रें टेबलावर ठेवलीं आहेत. पोरांना पुढें येऊं द्या, मोठ्यांनीं मागून पाहावें.