कमी कष्टाची बाग: फरशी घालण्याआधी एवढं ऐका

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे जसं आलं, ते जवळपास तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका ताईंच्या प्रश्नावरून घेतलाय. त्यांचे आई-बाबा नाशिकला, दोघंच. छोटा बंगला आणि पुढे साधारण 15 बाय 20 फुटांचं अंगण. त्यात हिरवळ, कडेनं कुंड्या, गुलाब, मोसमी फुलं, सगळं आहे. पण बाबांचे गुडघे आता साथ देत नाहीत, आईला बादल्या उचलवत नाहीत, माळी येतो तेव्हा येतो. ताई विचारतात, "सरळ पूर्ण अंगणाला फरशी घालून टाकू का? कटकटच नको."

हा प्रश्न मला बऱ्याच जणांकडून येतो. म्हणून आधीच सांगते, ताईंचं काही चुकत नाहीये. झेपत नसेल तर बाग हे ओझंच होतं. फक्त फरशी घालण्याआधी एक हिशेब करू या. बागेतलं काम नक्की कुठे जातं?

एका कागदावर लिहून बघा. हिरवळीला रोज पाणी, दर आठ-पंधरा दिवसांनी कापणी, तण उपटणं. छोट्या कुंड्यांना उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी. मोसमी फुलांची रोपं वर्षातून दोन-तीनदा आणायची, लावायची, संपली की उपटायची. मेंदीच्या कुंपणाची सारखी कातरणी. आणि रोज पाला झाडणं. बागेचे जवळपास सगळे कष्ट या पाच गोष्टींत आहेत. झाडं त्यात कुठेच नाहीत! जमिनीत नीट रुजलेली तगर किंवा कढीपत्ता वर्षभरात तुमच्याकडे फारसं काही मागत नाही. म्हणजे बाग काढायची गरज नाही, हे पाच उद्योग काढायचे.

त्यातली हिरवळ सगळ्यात महाग पडते. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर 1 लिटर. ताईंचं अंगण साधारण 28 चौरस मीटर. एप्रिल-मेच्या उन्हात हिरवळीला दिवसाला 5 मिलिमीटर पाणी धरलं, तर रोजचे 140 लिटर झाले. वीस लिटरच्या सात बादल्या, रोज! टँकर मागवणाऱ्या सोसायट्यांमध्ये राहणाऱ्यांना हा आकडा लगेच कळेल.

मग फरशी का नको? दोन-तीन कारणं आहेत. एक म्हणजे उष्णता. दुपारी तापलेली फरशी संध्याकाळी उशिरापर्यंत ती उष्णता सोडत राहते, आणि ती थेट समोरच्या खोलीत येते. दुसरं पाणी. वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरला, तर तेवढ्या अंगणावर वर्षाला साडेएकोणीस हजार लिटर पाणी पडतं. माती असेल तर त्यातलं बरंचसं मुरतं. पूर्ण फरशी असेल तर ते रस्त्यावर वाहून जातं. आणि तिसरं कारण माणसांचं. ज्यांचं घराबाहेर जाणं कमी झालंय, त्यांना सकाळी दार उघडल्यावर काय दिसतं याला फार महत्त्व असतं. कुंपणापर्यंत नुसती फरशी असेल तर बाहेर येण्याचं कारणच संपतं.

तर मी काय सुचवीन? फरशी घाला, पण फक्त चालायला आणि बसायला. फाटकापासून दारापर्यंत किमान 3 फूट रुंद, शक्य असेल तर 4 फुटांची वाट. उद्या वॉकर किंवा व्हीलचेअर आली तरी चालेल अशी. मध्ये पायरी नको. फरशी खरखरीत घ्या. गुळगुळीत फरशीवर पावसाळ्यात शेवाळ धरतं, आणि या वयात एक पाय घसरणं किती महागात पडतं हे मी सांगायला नको. वाटेच्या शेवटी सकाळचं ऊन येईल तिथे एक बाक, हात टेकता येईल असा. उरलेली सगळी जमीन झाडांना.

आता झाडं कुठली? नर्सरीत गेलं की फुललेलं झाड आवडतं आणि आपण घेऊन येतो. त्याऐवजी आधी अंगणातलं ऊन बघा. सकाळी 9, दुपारी 1 आणि संध्याकाळी 4 वाजता, कुठे ऊन आहे, कुठे सावली. मग जागेप्रमाणे झाड निवडा.

भरपूर उन्हात जास्वंद, तगर, मोगरा, कोरांटी, सदाफुली. अर्धवट सावलीत अबोली उत्तम. कुंपणाशी अडुळसा लावा, तो कातरणीशिवायही चांगला दाट होतो. कुंपणाच्या जाळीवर गोकर्ण चढवा. बी पडून ती आपली आपण पुन्हा उगवते. कोपऱ्यात एक पारिजातक, पण भिंतीपासून चांगला लांब, कारण तो दहा-पंधरा फुटांपर्यंत सहज जातो. स्वयंपाकघराच्या बाजूला कढीपत्ता, गवती चहा, कोरफड. जिथे भांड्यांचं किंवा धुण्याचं पाणी जातं तिथे कर्दळ आणि केळ, त्यांना ते पाणी हवंच असतं. जमिनीलगत रंग हवा असेल तर चिनी गुलाब आणि पावसाळी लिली. या लिलीचे कंद एकदा लावले की दर पावसाळ्यात आपोआप फुलतात.

यातली बरीच नावं तुमच्या आजीच्या परसातली आहेत, लक्षात आलं? ती झाडं फॅशनमधून गेली, पण टिकली ती काही उगाच नाही. आपली माती, आपला चार महिन्यांचा पाऊस आणि आठ महिन्यांची कोरड त्यांना सवयीची आहे.

एक सावधगिरीची गोष्ट. कण्हेर कमी पाण्यात छान फुलते, म्हणून सगळे सुचवतात. पण तिचे सगळे भाग विषारी असतात. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तीही विषारी. घरात नातवंडं येत-जात असतील तर मी टाळेन. डिफेनबेकियाचंही तसंच. पान चावलं तर तोंडाची आग होते, जीभ सुजते.

लावताना अंतर ठेवा. आज रोप वीतभर आहे म्हणून फुटाफुटावर लावलं, तर तीन वर्षांनी छाटणी करत बसावं लागतं. झाड मोठं झाल्यावर केवढं होणार ते विचारून लावा. सुरुवातीला बाग मोकळी दिसेल, दिसू द्या.

आता माती. नाशिक, पुणे, नगर या भागात बऱ्याच ठिकाणी काळी माती. ती पाणी धरून ठेवते, पण उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात चिखल होतो. तिच्यात शेणखत किंवा कंपोस्ट भरपूर मिसळा. कोकणातली जांभ्याची माती उलटी, पाणी लगेच सोडते. तिथेही उपाय तोच, सेंद्रिय खत.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आच्छादन. झाडाखाली वाळक्या पाल्याचा दोन-तीन इंचांचा थर. ऊन मातीवर थेट पडत नाही, ओल टिकते, तण कमी उगवतं, आणि पाला कुजून खत होतं. म्हणजे बघा, रोज झाडायचं एक काम गेलंच, वर पाणी घालायचं आणि तण काढायचं कामही कमी झालं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा प्रयोग परिवार हेच सांगत आले, की झाडाचा पालापाचोळा ही मातीची भांडवली ठेव आहे, ती जाळू नका, फेकू नका. त्यांचं 'विपुलाच सृष्टी' मिळालं तर जरूर वाचा. फक्त दोन पथ्यं. पाला खोडाला चिकटू देऊ नका, चार बोटं अंतर ठेवा. आणि घराच्या भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, वाळवीचा प्रश्न नको.

पाण्याचं काय? रोज थोडं थोडं पाणी घातलं की मुळं वरच्यावरच राहतात आणि एक दिवस चुकला की झाड मान टाकतं. त्याऐवजी आठवड्यातून एक-दोनदा, पण खोलवर पाणी द्या. मुळं खाली जातात, झाड तगडं होतं. मात्र पहिले दोन उन्हाळे झाडांना सांभाळावं लागतं, तिथे सूट नाही.

सोयीसाठी ठिबक बसवा. नळाला लावायचा बॅटरीवरचा टायमर मिळतो. ताशी 4 लिटरचे ड्रिपर, 20 झाडांना दोन-दोन, एक तास चालवले की 160 लिटर. ते तीन-चार दिवसांतून एकदा. त्याच चार दिवसांत हिरवळीला 560 लिटर लागले असते. महिन्यातून एकदा गाळणी धुवा, नाहीतर ड्रिपर तुंबतात.

ठिबक नको असेल तर मडकं. बिनझिलईचं मातीचं मडकं झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्यानं भरायचं, वर झाकण ठेवायचं. छिद्र पाडायची गरज नाही, पाणी अंगातूनच झिरपतं. घरातलं जुनं मडकं वापरायचं असेल तर आधी भरून बघा. बाहेरून ओलसर झालं नाही, तर क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली आहेत. जे मडकं पाणी थंड करत नाही, ते झाडालाही पाणी देणार नाही. झाकण मात्र विसरू नका.

झाकणावरून आठवलं, कुंड्या आणि त्यांच्या खालच्या ताटल्या. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण 8-10 दिवस लागतात. म्हणून ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासायच्या. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात. मी तर म्हणेन ताटल्याच काढून टाका.

कुंड्या तीसऐवजी पाच ठेवा, पण मोठ्या. मोठ्या कुंडीत माती जास्त, ती सावकाश वाळते. कमरेएवढ्या उंचीच्या कट्ट्यावर ठेवल्या की वाकावं लागत नाही. गच्चीवर बाग करणाऱ्यांनी वजनाचा विचार आधी करा. 1 घनफूट ओली माती 45-50 किलो भरते. मोठ्या कुंड्या तुळईच्या किंवा भिंतीच्या वर ठेवा, आणि जास्त करायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

"पण दिसेल का छान?" हा पुढचा प्रश्न येतोच. दिसेल. वीस जातींचं एकेक रोप लावण्यापेक्षा पाच जातींची चार-चार रोपं एकत्र लावा. डोळ्याला ते शांत वाटतं. वाफ्यांची कड दगड किंवा विटांनी नीट आखा. कड स्वच्छ असली की आतलं थोडं अस्ताव्यस्त असलं तरी बाग नीटनेटकीच दिसते. आणि सुगंध दाराजवळ हवा, म्हणून मोगरा खिडकीखाली. डिसेंबर-जानेवारीत त्याची एक छाटणी करा, उन्हाळ्यात भरभरून फुलेल.

कीड? जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतोच. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा. नाहीच गेला तर 1 लिटर पाण्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल, दोन-चार थेंब साबणाचं पाणी, आणि संध्याकाळी फवारणी. लिंबू-कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या दिसल्या तर मात्र राहू द्या. ती फुलपाखरं होणार आहेत. आपल्या राज्याचं फुलपाखरू ब्लू मॉर्मन, तेही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं.

आता ताईंना एक शेवटचं सांगते, आणि हे सगळ्यांनाच लागू आहे. हे सगळं ठरवताना आई-बाबांना विचारा, की बागेतलं कुठलं काम तुम्हाला आवडतं? कुणाला पूजेची फुलं तोडायला आवडतात, कुणाला पाइप हातात धरून उभं राहायला. तेवढं एक काम ठेवाच. आपण मुलं काळजीपोटी त्यांचे सगळे कष्ट काढून घेतो, आणि त्याबरोबर त्यांची सकाळही काढून घेतो. पाइप आवडत असेल तर ठिबक बाकीच्या झाडांना, आणि जास्वंदीच्या रांगेला बाबांचा पाइप. फुलं तोडायची असतील तर तगर-जास्वंद वाटेला लागूनच लावा, हात पोचेल अशी.

लागवड जूनमध्ये, पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर करा. तोपर्यंत वाट आखून घ्या, बाक बसवा, खत आणून ठेवा. एकदम सगळं नको. या वर्षी अर्धी हिरवळ काढा, पुढच्या वर्षी उरलेली.

तुमच्या अंगणात, गच्चीत, बाल्कनीत वर्षानुवर्षं काही न मागता उभं असलेलं झाड कुठलं, ते मला जरूर कळवा. पुढच्या भागात तुमच्या उत्तरांवरच बोलू. तोपर्यंत पाला जाळू नका, ताटल्या घासा, आणि मजेत राहा. नमस्कार!